न कळलेल्याचा फळा

शिकवून झालं की खडू टेबलावर ठेवायचा, वर्गाकडं तोंड करायचं आणि विचारायचं, “कळलं का?” त्यावर चाळीस पोरं एका सुरात म्हणतात, “होऽ बाईऽ.” हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, डी.एड.ला कुणी शिकवत नाही, तरी मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेवरून जाताना ते ऐकू येतं. ‘हो’तला ओ किती लांबवायचा हेसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. सत्यभामा नरवडे यांनी हे बावीस वर्षं केलं. पोरांनी हो म्हटलं की बाई पुढचं पान उलटत. खरंच कळलंय का, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. पोरांनी तोंडानं सांगितल्यावर आणखी काय विचारायचं?

बाई मूळच्या पाचोडच्या. वडिलांची मोसंबीची बाग होती. घरात त्यांच्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. लहानपणी त्याही पुढच्या बाकावर बसून गुरुजींना जोरात हो म्हणायच्या, कारण नाही म्हणणाऱ्याला उभं राहावं लागे आणि उभं राहणाऱ्याला छडी मिळे. भागाकार त्यांना येत होता, पण तो असा का करतात हे त्यांना नोकरी लागल्यावर, स्वतः शिकवता शिकवता कळलं. लग्न होऊन त्या शहरात आल्या. नवरा बद्रीनाथ, शहागंजात त्याचं रंगांचं दुकान. शाळा मात्र पाचोडच्या पुढं चार किलोमीटरवरच्या वाडीत. सकाळची बीडकडं जाणारी एस.टी. पकडायची, पाचोडला उतरायचं, पुढं वडापच्या रिक्षात चौघींच्या जागेत सहावी म्हणून बसायचं. शिक्षकानं शाळेच्याच गावी राहावं असा नियम आहे आणि तो कुणीच पाळत नाही. बाईही पाळत नव्हत्या. त्यांची बाजू घ्यायची म्हणून त्यांना सोवळं करण्यात अर्थ नाही.

तर अशा सरळ चाललेल्या बाईंचं डोकं फिरलं ते रूपामुळं.

रूपा त्यांची जुनी विद्यार्थिनी. हुशार, वर्गात सगळ्यांत मोठ्यानं हो म्हणणारी. एकदा श्रावणात पाचोडच्या स्टँडवर ती कडेवर पोर घेऊन भेटली. पोराच्या हाताला सुईच्या खुणा होत्या. बाईंनी काय झालं विचारलं, तेव्हा बसची वाट बघता बघता तिनं सगळं सांगितलं. पोराला ताप होता म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं घाईघाईत बाटली हातात दिली, किती द्यायचं ते सांगितलं आणि विचारलं, कळलं का. रूपा हो म्हणाली. थेंबांनी द्यायचं औषध तिनं दोन दिवस चमच्यानं दिलं. पोर चार दिवस आयसीयूच्या काचेच्या खोलीत होतं. वाचलं.

बाईंनी विचारलं, अगं, कळलं नव्हतं तर परत विचारायचं नाही का?

रूपाच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “न्हवतं कळलं, बाई. पण कळलं का म्हणलं की तोंडातून हो निघून जातं. तुमच्याच वर्गातली सवय हाय ना ती.”

बस आली, रूपा गेली. बाई परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्या आणि शहर येईपर्यंत त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की शेजारची बाई बोलत होती त्यातला एक शब्द त्यांच्या कानावर पडला नाही. घरी पोचेपर्यंत लाजेचा राग झाला होता. आणि सत्यभामाबाईंचा राग हे काय प्रकरण आहे ते बद्रीनाथांना विचारा. तो लवकर येत नाही आणि आला की मुक्कामाला येतो.

दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात त्यांनी सवयीनं विचारलं, कळलं का. सवयीनं होऽ बाईऽ आलं. मग त्यांनी एकेकाला उठवून विचारलं, काय कळलं ते सांग. चाळीसातल्या तिघांना सांगता आलं, त्यातल्या एकानं शेजाऱ्याचं ऐकून सांगितलं. बाईंनी त्या दिवशी जाहीर केलं की आजपासून या वर्गात एका सुरात हो म्हणणं बंद. मी विचारणार ते एवढंच, काय नाही कळलं?

पोरं गप्प बसली. एक आठवडा गप्पच बसली. त्यांना वाटलं हा सापळा आहे, जो बोलेल तो फसेल, आणि आजवरचा त्यांचा अनुभव बघता त्यांचं काही चुकलं नव्हतं. मग बाईंनी बद्रीनाथांच्या दुकानातून काळ्या रंगाचा डबा आणला, वर्गाच्या मागच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा एक फळा रंगवला आणि वर लिहिलं, ‘न कळलेलं’. शाळा सुटताना प्रत्येकानं तिथं एक गोष्ट लिहायची. कळली की ज्यानं लिहिली त्यानंच पुसायची, दुसऱ्या कुणी नाही, बाईंनीसुद्धा नाही. तरी खडू कुणी उचलेना. शेवटी बाईंनी स्वतः लिहिलं, ‘एवढं जड विमान वर कसं राहतं ते मला अजून कळलेलं नाही’, आणि खाली सही केली. पोरं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. बाईंना कळत नाही आणि बाई ते भिंतीवर लिहितात, ही बातमी संध्याकाळपर्यंत वाडीभर झाली. दुसऱ्या दिवशी त्या ओळीखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मला पण’.

तिथून पाणी वाहतं झालं. हातचा एक घेतो तो कुणाच्या हातचा? धरण पैठणला, एवढं जवळ, मग आपल्या वाडीला टँकर का? बाई केस का रंगवतात? बाईंनी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं दिलं. म्हणाल्या, म्हातारी दिसू नये म्हणून. आणि ज्या पोरीनं लिहिलं होतं तिला पुसायला लावलं.

हे ऐकायला गोड वाटतं. करायला अजिबात गोड नव्हतं. एक धडा एका दिवसात व्हायचा तो चार दिवस पुरेना. ऋतुराज नावाचा एक मुखदुर्बळ मुलगा होता, त्यानं चौथ्यांदा तोच भागाकार नाही कळला म्हणून लिहिलं, तेव्हा बाई त्याच्यावर खेकसल्या, तुझ्या डोक्यात दगड भरलेत का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकही ओळ आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. महिनाभर घालून उभं केलेलं बाईंनी एका वाक्यात पाडलं होतं आणि ते त्यांना कळत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गासमोर ऋतुराजची माफी मागितली. मागताना त्यांचं तोंड कडू झालं. पण मागितली.

बाहेरच्यांची तऱ्हा वेगळी. संस्कृती नावाच्या मुलीची आजी कडूबाई एके दिवशी थेट वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. तिचं म्हणणं असं, “शाळंत पोरगी घातली ती कळाया. हिला तर रोज नवं कायतरी कळंना झालंय. काल इचारती, पंचमीला नाग दूध पितो का. म्या म्हणलं पितो. तर म्हणती, तुला कसं कळलं? असं इचारत्यात व्हय म्हाताऱ्या माणसाला?”

बाईंनी शांतपणे विचारलं, मग पितो का?

कडूबाईंनी जरा विचार केला. “आमी दूध ठिवून घरला येतो. थांबून कुणी बगितलंय?” एवढं बोलून ती तणतणत निघून गेली. पण दोन घरांनी तणतण करून सोडलं नाही. आमच्या पोरांना काही येत नाही, हे शाळेच्या भिंतीवरच लिहून ठेवलंय, असं म्हणत त्यांनी आपली मुलं काढली आणि पाचोडच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवली.

मुख्याध्यापक व्यंकटरावांचा जीव पटावरून गेलेल्या त्या दोन नावांनी थोडा थोडा झाला. व्यंकटराव वाईट नव्हते. निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस होता, आणि असा माणूस भरल्या घागरीसारखा चालतो. पट घटला की शिक्षकाची जागा जाते, जागा गेली की चौकशी येते, आणि चौकशी त्यांना पेन्शनच्या वाटेवर नको होती. ते म्हणत, “बाई, सरकार आपल्याला कळलेल्या पोरांचा पगार देतं. न कळलेली पोरं घरोघरी फुकट मिळतात.” यावर बाईंना हसू आलं, पण फळा राहिला.

त्यातून व्यंकटरावांनीच एक तोडगा काढला. वरून दर वर्षी नवोपक्रम स्पर्धेचं पत्र येतं, शिक्षकांनी काहीतरी नवं करावं आणि त्याचा अहवाल पाठवावा. ते म्हणाले, हे तुमचं त्यात घाला, एकदा सर्टिफिकेट मिळालं की लोकांची तोंडं बंद होतील. बाईंनी अर्ज आणला. त्यात उपक्रमाचे किमान पाच फोटो मागितले होते, पैकी एक उद्घाटनाचा. बाई विचार करकरून थकल्या. न कळण्याचा फोटो कसा काढतात? डोकं खाजवणाऱ्या पोराचा? त्यांनी फळ्याचे दोन फोटो लावले आणि खरं ते लिहिलं, की तीन महिन्यांत पोरांना न कळणाऱ्या गोष्टींची संख्या वाढली आहे. अर्ज परत आला. शेरा होता, ‘फलनिष्पत्ती अस्पष्ट’. ज्या शाळेला बक्षीस मिळालं तिनं टायरला रंग देऊन बाग केली होती. बाईंना टायरचा राग नव्हता. पण नवं करा म्हणून सांगणाऱ्याला नवं दिसत नाही, याचा आला आणि तोही मुक्कामाला राहिला.

फेब्रुवारीत विस्तार अधिकारी मुळे साहेब शाळा बघायला आले. साहेबांची ख्याती अशी की ते नुसतं तपासत नाहीत, खडू हातात घेऊन स्वतः पाठ घेतात. बरोबर दुसऱ्या जिल्ह्याचे दोन पाहुणे होते, त्यातला एक मोबाईलवर सगळं टिपत होता. व्यंकटरावांनी सकाळी परिपाठाला पाचवीला बाजूला घेऊन तालीम दिली होती. साहेबांनी कळलं का म्हटलं की काय म्हणायचं? होऽ सरऽ. आणखी जोरात. होऽ सरऽ. बाईंनी ते ऐकलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. एक दिवसाचा प्रश्न आहे, जाऊ दे, असं त्यांच्या मनात आलं. पुढं त्यांना या गप्प बसण्याचीच सगळ्यात जास्त चीड आली.

साहेबांनी अपूर्णांकांची बेरीज घेतली. फळ्यावर एक चतुर्थांश अधिक दोन चतुर्थांश मांडलं. सुंदर अक्षरात लिहून सांगितलं की खालचा छेद तसाच ठेवायचा, वरचे अंश मिळवायचे, उत्तर तीन चतुर्थांश. खडू ठेवला, हात झटकले, मोबाईलकडं थोडं तोंड केलं आणि विचारलं, “कळलं का?”

वर्ग गप्प. मागून व्यंकटराव खोकले. तरी गप्प. मग तिसऱ्या रांगेतून संस्कृती उठली. “नाय कळलं, सर.”

साहेब हसले आणि तेच पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं. आता कळलं? संस्कृतीनं नाही म्हणून मान हलवली. “वरचे मिळवले तर खालचे का नाय मिळवायचे? ते बी आकडेच हायत की.”

साहेब म्हणाले, तसा नियम आहे.

“कुणाचा?”

मोबाईलवाला पाहुणा फस्सकन हसला. पोरीच्या आवाजात उद्धटपणाचा कण नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच साहेबांना सोसवलं नाही. तेवढ्यात आणखी पाच-सहा हात वर झाले. साहेबांनी नजर चुकवायला मान वर केली, तर समोर मागच्या भिंतीवर तो काळा फळा आणि त्यावर नेमका टँकरचा प्रश्न. ते बाहेर पडले ते सरळ गाडीकडं. व्यंकटरावांच्या घरून स्टीलच्या किटलीत आणलेला वेलदोड्याचा चहा तसाच राहिला. आमच्याकडं पाहुणा चहा न घेता उठला की त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

गाडीचा धुरळा अजून खाली बसला नव्हता तोवर संस्कृतीनं मागच्या फळ्यावर आपला प्रश्न लिहिला आणि बाईंनी डब्यातली भाकरी काढली. तिचे चार तुकडे केले. एक संस्कृतीच्या हातावर ठेवला, मग आणखी दोन ठेवले आणि विचारलं, किती झाले? पोरगी म्हणाली, तीन चतकोर. बाईंनी पुढं काही सांगितलं नाही, हे त्यांना जमायला सहा महिने लागले होते. संस्कृती हातातल्या तुकड्यांकडं बघत बसली आणि मग सावकाश म्हणाली, “मंजी खालचा आकडा तुकडा केवढा ते सांगतो. तुकडा तेवढाच हाय. मग त्याला कशाला मिळवायचं?” तिनं तीनही चतकोर खाऊन टाकले आणि आपली ओळ जाऊन पुसली.

आठ दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली. अध्यापनात हलगर्जी, पाठ्यक्रम अपूर्ण, विद्यार्थ्यांना अधिकाऱ्यांसमोर अशोभनीय वर्तनास प्रवृत्त करणे. तीन दिवसांत खुलासा करावा, समाधानकारक नसल्यास पाचवीचा वर्ग काढून घेण्यात येईल. व्यंकटराव बाईंच्या आधी घाबरले. त्यांनी धावपळ करून, इकडं तिकडं फोन फिरवून वाट काढली आणि खुलासा स्वतःच टाईप करून आणला. बाईंनी खाली सही करायची, विषय मिटला, वर्गही राहील. साहेबांशी बोलणं झालंय.

बाईंनी वाचला. शेवटच्या ओळीत होतं, ‘सदर विद्यार्थिनी कु. संस्कृती ही मंदगतीने शिकणारी असल्याने व तिला सूचना न समजल्याने सदरचा प्रकार घडला.’

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. व्यंकटराव समजावत होते की असं लिहिल्यानं पोरीचं काही बिघडत नाही, उलट अशा मुलांसाठी वेगळी यादी असते, कुणी वाचतसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, कुणी वाचत नाही तर लिहिता कशाला? आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी त्यांनी तो बद्रीनाथांपुढं ठेवला. बद्रीनाथ शहागंजात वाढलेला माणूस, भांडण वाढायला लागलं की त्यांची भाषा बदलते. “छोड दो ना, सत्यभामा. एक सही तर हाय. आपली नोकरी हाय, प्रयोगशाळा नाय.”

बाई म्हणाल्या, सही माझी आहे, पण नाव त्या पोरीचं आहे. मग बद्रीनाथांनी अशी एक गोष्ट विचारली जी पंचवीस वर्षांच्या संसारात क्वचित विचारली असेल. म्हणाले, तू एवढी का पेटलीस ते मला खरंच कळलेलं नाही. तेव्हा बाईंनी त्यांना रूपाचं सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. चमचा, थेंब, काचेची खोली, आणि स्टँडवरचं ते वाक्य. सांगताना त्यांना रडू आलं आणि रडताना आणखी संताप आला. बद्रीनाथ उठले, टेबलावरचा पसारा बाजूला सारला आणि बाईंच्या पुढं कोरे कागद ठेवले.

बाईंनी हातानं खुलासा लिहिला. व्यंकटरावांनी तो पुढं पाठवताना कपाळाला हात लावला. तो असा होता:

‘महोदय, आपले पत्र मिळाले. मला पुढील बाबी कळलेल्या नाहीत. एक, विद्यार्थिनीला गणित कळले नाही आणि तिने तसे सांगितले, यात अशोभनीय काय आहे. दोन, तिला न कळताही ती हो म्हणाली असती तर माझे अध्यापन उत्तम ठरले असते काय. तीन, पाठ्यक्रम पूर्ण होणे म्हणजे पुस्तकाची पाने संपणे की आणखी काही. चार, तिचा प्रश्न योग्य होता व त्याचे उत्तर तिला त्याच दिवशी मिळाले, हे पाहायला कोणी थांबले का नाही. या बाबी कळल्यास माझी चूक मी स्वतः पुसून टाकीन. कु. संस्कृती मंदगती नाही. आपली विश्वासू.’

बाईंना शहरातल्या कार्यालयात बोलावणं आलं. मुळे साहेब एकटेच होते. बाईंनी मनात ठरवून ठेवलेला साहेब तिथं नव्हता. हा माणूस थकलेला होता, त्यानं पाणी मागवलं, पंखा त्यांच्याकडं वळवला. त्यानं कबूल केलं की पोरीचा प्रश्न बरोबर होता. मग त्यानं समजावलं. पाहुण्यांसमोर खात्याची शोभा झाली, तो व्हिडिओ कुठं कुठं गेला, वरून त्याला काय ऐकावं लागलं. प्रत्येक शिक्षक आपापल्या डोक्यानं चालायला लागला तर गाडा चालायचा कसा? सुधारणा हव्यातच, पण त्यांनाही एक चौकट असते, आधी परवानगी, मग अंमलबजावणी. पंधरा-वीस मिनिटं साहेब बोलत होते. बरं बोलत होते. शेवटी त्यांनी व्यंकटरावांनी टाईप केलेल्या कागदाची दुसरी प्रत बाईंपुढं सरकवली, वर पेन ठेवलं आणि अगदी मायेनं विचारलं, “कळलं का, बाई?”

बाईंच्या घशात हो येऊन थांबलं. चाळीस वर्षांचं हो होतं ते. गुरुजींना म्हटलेलं, सासऱ्यांना म्हटलेलं, प्रत्येक प्रशिक्षणात शेवटच्या रांगेत बसून म्हटलेलं. एवढं म्हटलं की बाहेर जाऊन एस.टी. पकडता आली असती आणि सोमवारी पाचवीत जाऊन उभं राहता आलं असतं. 

“नाही कळलं, साहेब,” त्या म्हणाल्या. “पुन्हा सांगा.”

पुन्हा समजावून सांगण्याची सवय साहेबांना कुणी लावली नव्हती. त्यांनी पेन उचललं आणि आदेश लिहिला. पाचवीचा वर्ग मुख्याध्यापकांनी स्वतः घ्यावा, श्रीमती नरवडे यांनी पहिली घ्यावी, मागील भिंतीवरील मजकूर तात्काळ पुसावा. संस्कृतीचं नाव कुठल्या यादीत गेलं नाही.

सोमवारी बाई पहिलीत गेल्या. सहा वर्षांची पोरं, कुणाचं नाक वाहतंय, कुणाला आई पाहिजे. त्यांनी पहिल्याच तासाला सहज काहीतरी सांगितलं, तर ती सगळी चिमुरडी एका सुरात म्हणाली, होऽ बाईऽ. अंगणवाडीतूनच शिकून आली होती. बाईंनी कपाळ धरलं, मग हसल्या आणि पदर खोचून पुन्हा पहिल्यापासून लागल्या.

पहिली आणि पाचवीच्या मध्ये भिंत आहे ती छतापर्यंत जात नाही. पत्र्याखालून पलीकडचं सगळं ऐकू येतं. व्यंकटराव शिकवायचे, शेवटी विचारायचे, कळलं का. पलीकडून यायचं, होऽ सरऽ. पहिल्या दिवशी आलं, दुसऱ्या दिवशीही आलं. बाई पहिलीच्या पोराचा हात धरून ग गिरवून घेत असायच्या आणि ते हो त्यांच्या काळजात रुतायचं. सहा महिने पाण्यात गेले असं त्यांना वाटलं. पोरांना त्यांनी दोष दिला नाही. ज्या वर्गात नाही म्हणण्याची शिक्षा बाईंना होते, तिथं पोरांनी तरी का नाही म्हणावं? पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, पलीकडं भागाकार चालला होता. व्यंकटराव एकसुरात सांगत होते. खडू खाली ठेवल्याचा आवाज झाला. “कळलं का?”

पलीकडं काहीच आलं नाही. बाईंनी हातातली पाटी खाली ठेवली.

मग एक आवाज आला. संस्कृतीचा नव्हता. कापत होता, अर्धवट गिळलेला होता आणि बाईंनी तो हजारांत ओळखला असता. ऋतुराज होता.

“नाय कळलं, सर.”

बाई भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या. व्यंकटरावांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. आता ते खेकसणार, किंवा तेच पुन्हा मोठ्यानं सांगणार, की गप्प बसून पान उलटणार, ते बाईंना ठाऊक नव्हतं. पलीकडं खुर्ची सरकली. जड पावलं फळ्यापासून बाकांपर्यंत गेली आणि थांबली. मग व्यंकटराव बोलले ते नेहमीच्या आवाजात नाही, जरा अवघडून, पहिल्यांदाच बोलत असल्यासारखे.

“काय नाय कळलं, बाळा?”